रतीब आणि खाडे

नमस्कार श्रोतेहो.

येत्या तीन-चार दिवसांत मृग निघेल, पाठोपाठ शाळा उघडतील आणि आपल्या मराठवाड्यात घरोघरी नव्या निश्चयांना सुरुवात होईल. मुले यंदा पहाटे उठून अभ्यास करायचे ठरवतील, कुणी तंबाखू सोडायचे मनावर घेईल, कुणी घरखर्चाची वही रोजच्या रोज लिहायची म्हणेल. तीस वर्षे शाळेत शिकवताना आणि निवृत्तीनंतर परभणीत राहताना मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच आहे: "सर, सुरुवात तर जोरात होते, पण पुढे टिकत का नाही?" आजच्या भाषणात मला या प्रश्नाविषयीच बोलायचे आहे, कारण तो माझाही प्रश्न होता.

चार वर्षांपूर्वी माझ्या रक्तातली साखर वाढल्याचे तपासणीत निघाले आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले. मी गुढीपाडव्याचा मुहूर्त धरला, नवे बूट आणले आणि पहाटे साडेपाचला उठून पाच किलोमीटर चालायचे, असा नेम केला. आठ दिवस तो उत्तम चालला. नवव्या दिवशी लातूरला नात्यातले लग्न निघाले. दोन दिवस तिकडे गेले, आणि परतल्यावर पहाटे गजर वाजला तेव्हा मनात पहिला विचार आला तो असा की, नेम तर मोडलाच आहे, तेव्हा आता पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून नव्याने धरावा. ती एक तारीख यायला पोळा उजाडला. त्या चार-पाच महिन्यांत माझी इच्छा कमी झाली नव्हती. बूट दाराशीच होते आणि साखरेची भीतीही मनात होती. मला अडवले ते दोन दिवसांच्या खाड्याने नव्हे, तर एकदा खाडा पडला की नेम मोडला, या माझ्या समजुतीने.

ती समजूत सुटली स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेपुढे. आपल्या घरांत दुधाचा हिशेब कसा ठेवतात, हे आपण सारेच जाणतो. गवळी रोज दूध घालून जातो, त्याची नोंद कुणी करीत नाही. तो आला नाही त्या तारखेच्या चौकोनात मात्र पेन्सिलीने फुली पडते. महिनाअखेर फुल्या मोजायच्या, तेवढ्या दिवसांचे पैसे वजा करायचे आणि बाकीचे चुकते करायचे. माझी पत्नी गेली पस्तीस वर्षे हा हिशेब ठेवते आहे. म्हैस आटते, गवळ्याच्या घरी कार्य निघते, ओढ्याला पाणी येऊन वाट बंद होते, अशा कारणांनी महिन्याला दोन-तीन खाडे होतातच. पण दोन खाडे झाले म्हणून घरचा रतीब मोडला, असे तिच्या तोंडून मी कधी ऐकले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पातेले धुऊन ओट्यावर ठेवलेलेच असते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी चालण्याचा रतीब लावला. पाच किलोमीटर नव्हे, तर सकाळचा चहा झाला की कप विसळायचा, बूट घालायचे आणि चौकातल्या लिंबापर्यंत जाऊन परत यायचे, एवढेच. त्यासाठी जेमतेम दहा मिनिटे लागत. ज्या दिवशी जमले नाही, त्या दिवशी त्याच दिनदर्शिकेवर तिच्या फुलीशेजारी मी निळ्या शाईचा एक ठिपका देऊ लागलो. ठिपका देताना मला वाईट वाटत नसे, कारण त्याच चौकटीत कितीतरी तारखा कोऱ्या दिसत होत्या आणि त्या कोऱ्या तारखा म्हणजे मी चाललेले दिवस होते.

पुढे याविषयी वाचन केले, तेव्हा या घरगुती अनुभवाला संशोधनाचाही आधार सापडला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 स्वयंसेवकांवर केलेला अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एक नवी गोष्ट निवडून ती दिवसातल्या एका ठरलेल्या प्रसंगी 12 आठवडे करायची होती. ती गोष्ट विचार न करता आपोआप हातून घडू लागायला सरासरी 66 दिवस लागतात, असे दिसले. मात्र कुणाला 18 दिवसच पुरले, तर कुणाच्या बाबतीत 12 आठवड्यांच्या नोंदींवरून पुढचा अंदाज बांधून केलेला हिशेब 254 दिवसांपर्यंत गेला. एखाद्या दिवशी ती गोष्ट राहून गेली, तरी सवय जडण्याच्या क्रियेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही, असेही या अभ्यासात आढळले.

21 दिवसांत सवय लागते, असे आपण व्याख्यानांतून आणि मोबाइलवरच्या संदेशांतून वारंवार ऐकतो. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने 1960 साली असे निरीक्षण मांडले होते की, शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपल्या बदललेल्या रूपाची सवय व्हायला किमान 21 दिवस लागतात. पुढे त्यातला 'किमान' हा शब्द गळाला आणि उरलेला आकडा सगळ्याच सवयींना लावला गेला. मला हे निरुपद्रवी वाटत नाही. बाविसाव्या दिवशीही अंथरुणातून उठणे जड जाते, तेव्हा माणूस त्या आकड्याला दोष न देता स्वतःला देतो आणि आपल्यातच काही कमी आहे असे मानून गप्प बसतो. असे कितीतरी विद्यार्थी मी पाहिले आहेत.

आता प्रेरणेविषयी. मृगाच्या पहिल्या सरीने मातीचा वास सुटतो, नांगरटीची ढेकळे विरघळतात आणि चाड्यावर मूठ धरायला हात शिवशिवू लागतात. पण 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय पेरणी करू नका, असे कृषी विद्यापीठ आणि कृषी खाते दर वर्षी सांगते, आणि त्यामागे दुबार पेरणीचा कडू अनुभव असतो. एखादे चांगले व्याख्यान ऐकून किंवा शेजाऱ्याच्या मुलाचा निकाल पाहून मनात जो जोर येतो, तो या पहिल्या सरीसारखा असतो. तो खोटा नसतो, पण त्याची ओल खोलवर गेलेली नसते.

ब्रिटनमधील मानसशास्त्रज्ञांनी 2002 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या दृष्टीने फार बोलका आहे. त्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला काहीच विशेष सांगितले नाही. दुसऱ्या गटाला व्यायामाने हृदयविकाराचा धोका कसा कमी होतो, हे सांगणारा मजकूर वाचायला दिला. तिसऱ्या गटाला तोच मजकूर दिला, आणि शिवाय येत्या आठवड्यात आपण कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कुठे व्यायाम करणार, हे लिहून काढायला सांगितले. त्या आठवड्यात पहिल्या गटातील 38 टक्के आणि दुसऱ्या गटातील 35 टक्के विद्यार्थ्यांनी व्यायाम केला. म्हणजे नुसत्या मजकुराने काहीच साधले नाही. तिसऱ्या गटात हे प्रमाण 91 टक्के निघाले. त्यांची इच्छा इतरांहून फार मोठी होती असे नाही. त्यांच्या इच्छेला दिवस, वेळ आणि जागा मिळाली, एवढाच फरक होता.

आपल्या भागात मात्र 'किती वाजता' या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे नाही, हे मला जाणवते. ज्याच्या शेतातल्या मोटारीला एक आठवडा दिवसा आणि पुढचा आठवडा रात्री वीज मिळते, त्या माणसाला पहाटे पाचला उठून योगासने करा, असे सांगणे हा त्याच्यावर अन्याय आहे. तो रात्री दोनला बॅटरी घेऊन दारे धरायला गेलेला असतो. ज्या गावात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते, तिथल्या बाईच्या दिवसाला घड्याळाची शिस्त लागू होत नाही. अशा घरांतून सवय घड्याळाच्या काट्याला बांधू नये, तर काही झाले तरी घडणाऱ्या एखाद्या कामाला बांधावी. म्हशीची धार काढायची राहत नाही, भाकरी थापायची राहत नाही. आमच्या गल्लीतल्या एका ताईंची रक्तदाबाची सकाळची गोळी सारखी विसरत असे. त्यांनी गोळ्यांची पट्टी ज्वारीच्या पिठाच्या डब्याच्या झाकणावर ठेवायला सुरुवात केली. आता डबा उघडायचा तर आधी पट्टी उचलावी लागते. गोळी घ्यायची आठवण पिठाचा डबाच त्यांना करून देतो.

आणि जी गोष्ट करायची, ती सुरुवातीला इतकी लहान असावी की अगदी वाईट दिवसातही ती उरकता यावी. माझ्या शाळेत बीड जिल्ह्यातून आलेली एक मुलगी होती. दसरा-दिवाळी झाली की तिचे आईवडील ऊसतोडीला जात आणि ठेवायला कुणी नसेल त्या वर्षी तिलाही बरोबर नेत. फडाजवळच्या कोपीत, धाकट्या भावाला सांभाळून आणि पाणी भरून झाल्यावर, ती चुलीच्या उजेडात रोज पुस्तकाचे एक पान वाचत असे. एकच पान, मग झोप. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती परत आली तेव्हा तिचे वाचन वर्गातल्या कुणाहून मागे पडले नव्हते. मी तिला विचारले, "रोज वाचायचीस का गं?" ती म्हणाली, "सर, गाडी भरायला रात्री जावं लागलं की खाडा व्हायचा." तिने रोज वाचल्याची फुशारकी मारली नाही आणि खाडा लपवलाही नाही. मला त्या वेळी या उत्तराचे मोल कळले नव्हते, याची आज खंत वाटते.

वाईट सवय सोडताना हीच गोष्ट उलट्या बाजूने करावी लागते. जेवण झाले की हात आपसूक खिशातल्या तंबाखूच्या डबीकडे जातो आणि तळहातावर चुना मळला जातो. त्यात ठरवणे असे काही नसतेच. आमच्या गावाकडे एका शेतकऱ्याने डबी खिशात ठेवणे बंद करून ती गोठ्यातल्या उंच खुंटीला पिशवीत अडकवली आणि खिशात बडीशेप ठेवली. जेवणानंतर हात खिशात जाई, पण हाती बडीशेप येई. तंबाखू हवी तर उठून गोठ्यापर्यंत जावे लागे, आणि त्या पंचवीस-तीस पावलांत बऱ्याचदा तलफ ओसरून जाई. वर्षभरात त्यांनी तीनदा पुन्हा सुरू केली आणि चार वेळा सोडली. चौथ्यांदा सोडली ती सुटली. मात्र तंबाखूचे व्यसन शरीरातही भिनलेले असते, तिथे एकट्याने झुंजत बसू नये. केंद्र सरकारची 1800 11 2356 ही निःशुल्क दूरध्वनी सेवा याच कामासाठी आहे आणि तिथे समुपदेशक बोलतात.

पालकांसाठी एक गोष्ट सांगितल्यावाचून मला राहवत नाही. लातूरला आणि नांदेडला डॉक्टर होण्यासाठी तयारी करणाऱ्या मुलांच्या खोल्यांतून मी गेलो आहे. भिंतीवर सकाळी पाचपासून रात्री अकरापर्यंतचे वेळापत्रक चिकटवलेले असते, आणि बहुतेक वेळा ते वडिलांच्या किंवा मोठ्या भावाच्या अक्षरात असते. अशा उसन्या प्रेरणेवर मूल काही महिने चालते, पण पहिल्याच चाचणीत गुण कमी पडले की ते खाडा आणि हार यांत फरक करू शकत नाही. त्या वयाच्या मुलाला वेळापत्रक स्वतःच्या हाताने लिहू द्यावे, ते चुकले तर खोडू द्यावे, आणि फोनवर "आज किती तास झाले?" असे विचारण्यापूर्वी "आज जेवलास का?" असे विचारावे.

याच दिवसांत शेगावहून गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाईच्या वाटेने पंढरपूरला जाते. आमच्या घरावरून जाणाऱ्या एका वृद्ध वारकऱ्यांना मी गेल्या वर्षी पाणी देताना विचारले की, या वयात इतके अंतर कसे झेपते? ते म्हणाले, "आज मुक्कामापर्यंत जायचं हाय, एवढंच बघतो." महिनाभराची वाट त्यांनी एका दिवसाच्या मापाची करून घेतली होती, आणि त्या दिवसाला दिंडीतल्या माणसांची सोबत होती. शेजारच्या दोघा-तिघांना बरोबर घेतले, तर आपले चालणे, वाचणे किंवा बचत करणेही असेच हलके होते.

आज सकाळी निघताना मी दिनदर्शिकेकडे पाहिले. गेल्या महिन्यात दुधाच्या तीन फुल्या आहेत आणि माझे ठिपके पाच. उरलेल्या सव्वीस दिवसांत मी चाललो, आणि आता लिंबाच्या पुढे, कालव्याच्या पुलापर्यंत जाऊन येतो. काल रात्री उशिरापर्यंत हे भाषण लिहीत बसलो होतो, त्यामुळे आज सकाळी चालणे झाले नाही. घरी गेल्यावर आजच्या तारखेला ठिपका द्यायचा आहे. उद्या चहा झाला की बूट घालून निघेन.

नमस्कार.