१९७२ ची कॅमेरो आणि नॉरवूडचा संप

मित्रहो, जुन्या अमेरिकन गाड्यांचे शौकीन १९७२ च्या शेवरोले कॅमेरोचा विषय निघाला की आधी आकडा सांगतात. त्या साली जेमतेम ६८,६०० च्या आसपास गाड्या निघाल्या, म्हणून ती दुर्मीळ, म्हणून तिला भाव. आकडा खरा आहे. तीनच वर्षांपूर्वीच्या, १९६९ च्या मॉडेलच्या २ लाख ४३ हजार गाड्या बनल्या होत्या. पण एवढी घसरण का झाली, हे 'संप झाला होता' एवढं म्हणून उरकलं जातं. मला आज त्या संपाबद्दलच बोलायचं आहे, कारण तो बाजूला ठेवला तर या गाडीचा इतिहास समजतच नाही.

आधी गाडी. दुसऱ्या पिढीची कॅमेरो फेब्रुवारी १९७० मध्ये बाजारात आली. लांबलचक बॉनेट, मागची बाजू आखूड, दोनच दारं. 'रॅली स्पोर्ट' पॅकेज घेतलं की समोरचा अखंड बंपर जायचा आणि जाळीच्या दोन्ही बाजूंना दोन छोटे बंपर यायचे. त्या दशकात अमेरिकेत याहून देखणा चेहरा दुसऱ्या कुठल्या गाडीला लाभला नाही, असं माझं ठाम मत आहे. १९७२ मध्ये रूप फारसं बदललं नाही, जाळीची घरं थोडी मोठी झाली एवढंच. अश्वशक्तीचे आकडे मात्र कोसळलेले दिसतात. झेड-२८ या कॅमेरोच्या वेगवान आवृत्तीचं इंजिन १९७१ साली ३३० चं, १९७२ साली २५५ चं. यातला बराचसा फरक मोजण्याच्या पद्धतीचा आहे. पूर्वी नुसतं इंजिन स्टँडवर चढवून मोजत, आता एअर फिल्टर, सायलेन्सर, पंप असं सगळं जोडून मोजू लागले. तेव्हा त्या वर्षी गाडीतला दम एकाएकी गेला, असं कुणी सांगितलं तर मानू नका.

आता नॉरवूड. ओहायो राज्यात सिनसिनाटीनं चहूबाजूंनी वेढलेलं हे छोटं शहर. शेवरोलेच्या मालक कंपनीचा, जनरल मोटर्सचा कारखाना तिथे १९२३ पासून. कॅमेरो आणि तिची जुळी बहीण पॉन्टियाक फायरबर्ड यांचं हे मुख्य घर. तिथे दोन वेगळे विभाग शेजारी शेजारी काम करत : फिशर बॉडी सांगाडा उभा करी, शेवरोले पुढचं सगळं जोडी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीनं हे दोन्ही विभाग एकत्र करून 'जनरल मोटर्स असेंब्ली डिव्हिजन'च्या हाती दिले. खर्च कमी करणं हे या डिव्हिजनचं काम. माणसं कमी झाली, लाइन मात्र तशीच धावत राहिली.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. असेंब्ली लाइनवर कामगाराच्या वाट्याला एका गाडीमागे मोजके सेकंद येतात. शेजारचा माणूस काढून त्याचे दोन बोल्ट तुमच्याकडे दिले, तर पट्टा काही तुमच्यासाठी थांबत नाही. तुम्ही हात आणखी वेगानं चालवता, नाहीतर एखादा बोल्ट तसाच राहून गाडी पुढे जाते. म्हणून इथे भांडण मुख्यतः पगारवाढीचं नव्हतं. कामाचा वेग आणि कमी केलेली माणसं, हा वाद होता. त्याच राज्यातल्या लॉर्ड्सटाउनला, जिथे याच कंपनीनं व्हेगा गाडी तासाला १०० च्या वेगानं बनवायचा घाट घातला होता, तिथे मार्च १९७२ मध्ये याच कारणावरून २२ दिवस संप झाला. त्याची देशभर चर्चा झाली, आजही होते. नॉरवूडचे कामगार एप्रिलमध्ये बाहेर पडले आणि १७४ दिवस बाहेर राहिले. त्यांची आठवण फारशी कुणी काढत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. जवळजवळ सहा महिने पगाराविना काढणं म्हणजे काय, हे संसार चालवणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

इतक्यात कायदा बदलला. १ सप्टेंबर १९७२ पासून बनणाऱ्या मोटारींचा पुढचा बंपर ताशी ५ मैलांची धडक सोसणारा असणं सक्तीचं झालं. संप मिटला सप्टेंबरच्या अखेरीस. लाइनवर तशाच अडकून पडलेल्या सुमारे १,१०० कॅमेरो आणि फायरबर्ड आता पूर्ण करूनही विकता येणार नव्हत्या. त्या भंगारात गेल्या.

कंपनीत तेव्हा ही गाडीच बंद करावी, असा विचार जोर धरू लागला. विमा महागला होता, वेगवान गाड्यांचा खप उतरला होता, त्यात हे वर्ष हातचं गेलं होतं. शेवरोले आणि पॉन्टियाकमधल्या काही इंजिनिअरांनी आग्रह धरला, बंपरचे आधार मजबूत करून नियमात बसवले, आणि १९७३ चं मॉडेल निघालं. रॅली स्पोर्टचे ते दोन छोटे बंपरही त्या वर्षी टिकले. पुढे १९७४ नंतर चॅलेंजर, बॅराकुडा, जॅव्हलिन या प्रतिस्पर्धी गाड्या बंद पडल्या आणि मैदान जवळपास मोकळं झालं. १९७९ मध्ये कॅमेरोचा आकडा २ लाख ८२ हजारांवर गेला. त्यांतल्या असंख्य गाड्या नॉरवूडच्याच लाइनवरून उतरल्या. तो कारखाना ऑगस्ट १९८७ मध्ये कायमचा बंद झाला आणि कॅमेरोचं काम कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइस कारखान्यात चालू राहिलं.