सरप्राइजिंगली म्हणजे 'अचानक' नाही!

नमस्कार मंडळी, नागपूरहून बोलतोय. आज एकच शब्द घेऊ, सरप्राइजिंगली. काय होऊन राह्यलं, इंटरव्ह्यूची तयारी करणारी पोरं हा शब्द सरळ 'अचानक' म्हणून वापरतात आणि तिथंच अर्थ घसरतो. लाइट गेली, गाडीसमोर कुत्रं आलं, ते सडनली. म्हणजे झटक्यात झालं, बस. सरप्राइजिंगली मध्ये झटका नसला तरी चालते, पण तुम्ही मनात काहीतरी धरून ठेवलेलं पाहिजे आणि झालं भलतंच पाहिजे.

15 मार्च 2016, आपलं जामठ्याचं स्टेडियम, टी-ट्वेंटी वर्ल्ड कप. न्यूझीलंडचे 126 रन, लोकांना वाटलं हे तर आरामात होऊन जाईन, अन् आपली टीम 79 वर ऑल आउट! आता म्हणा, 'सरप्राइजिंगली, इंडिया लॉस्ट.' शब्द सुरुवातीला, पुढे कॉमा, बोलताना थोडंसं थांबायचं. हरले याचंच नवल, हे तुमचं पूर्ण वाक्यावरचं मत झालं. आता तोच शब्द उचला अन् विशेषणाच्या आधी ठेवा, 'द पिच वॉज सरप्राइजिंगली स्लो.' इथं हरण्या-जिंकण्याचं काहीच नाही, पिच वाटलं होतं त्याच्यापेक्षा स्लो निघालं एवढंच. आणि मला ह्या शब्दात सगळ्यात भारी काय वाटते सांगू का, त्या दिवशी न्यूझीलंडने साउदी अन् बोल्ट ह्या आपल्या दोन्ही मेन फास्ट बॉलरना बाहेर बसवून तीन स्पिनर खेळवले होते, सॅन्टनरने 11 रनमध्ये 4 विकेट काढल्या, तर ज्याने टॉसच्या वेळी टीम पाहून ओळखलं असेल तो म्हणेल 'नॉट सरप्राइजिंगली, इंडिया लॉस्ट.' मॅच एकच, निकाल एकच, पण शब्द कोण बोलतोय त्याच्यावर आहे.

अनएक्सपेक्टेडली जवळचाच आहे, पण नीट पाहा. आत्याबाई फोन न करता दारात उभ्या, 'शी केम अनएक्सपेक्टेडली.' येणं न सांगता झालं. आता समजा लग्नात मानपानावरून भांडण झालं, आत्या दोन वर्षं बोलत नाहीत, तुम्ही वास्तूला रीतसर पत्रिका दिली आणि त्या आल्या! तेव्हा 'सरप्राइजिंगली, शी केम.' बोलावलेलं होतं, येतील असं वाटलं नव्हतं.

उच्चाराचं पटकन. बोलताना पहिला आर बरेच जण खातात, 'सप्राइजिंगली', तसं चालते. लिहिताना मात्र एस यू आर पी आर, दोन्ही आर पाहिजेच.

आता तुम्ही करा. 2018 च्या डिसेंबरात नागपूरचा पारा 3.5 डिग्रीपर्यंत उतरला होता. नागपूर म्हणजे नुसतं ऊन असं समजून स्वेटर न घेता आलेला मुंबईचा पाहुणा काय म्हणेल? 'नागपूर इज...' पुढचं मोठ्यानं बोला, आणि शब्द कोल्डच्या आधी आला का ते पाहा.