सेवास्तोपोलचं दुसरं आरमार

विषय जाहीर झालाय ‘युतीचा शब्द कधी द्यावा’. उत्तर देणार आहे, पण आधी माझं एक जुनं दुखणं ऐकून घ्या. ते सांगितल्याशिवाय मला पुढे बोलताच येत नाही.

‘डिप्लोमसी’, म्हणजे जुन्या युरोपच्या नकाशावर एकेक देश घेऊन युत्या करत खेळायचा पटावरचा खेळ, इथे बहुतेकांनी खेळलाय, तेव्हा नियम सांगत बसत नाही. ॲलन कॅलहॅमर यांनी १९५९ साली स्वतःच त्याच्या ५०० प्रती काढल्या. फासे नाहीत, म्हणजे हरल्यावर नशिबाला शिव्या घालायचीही सोय ठेवली नाही. माणसाला एवढं उघडं पाडू नये!

तर मी तुर्कस्तान, आणि रशिया माझा मित्र. पटावरचा नव्हे, खराखुरा. ठरलं असं की काळ्या समुद्रात दोघांनीही पाऊल टाकायचं नाही. खेळातल्या १९०१च्या वसंतात मी अंकाराचं आरमार कॉन्स्टँटिनोपलला नेलं, त्याने आपलं रुमानियात नेलं. शब्द पाळला! शरदातही पाळला. मी बल्गेरियात, माझं आरमार एजियनमध्ये, अंकारा सताड मोकळं. मग हिवाळा आला, म्हणजे जिंकलेल्या केंद्रांमागे, नकाशावरच्या मोक्याच्या प्रांतांमागे, नवं सैन्य किंवा आरमार उभारायची वेळ, आणि गड्याने सेवास्तोपोलला नवीन काय उभारलं? आणखी एक आरमार.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. ते आरमार जाऊन जाऊन जाणार कुठे? रुमानियात, तर तिथे त्याचंच पहिलं बसलेलं. मग उरलं आर्मेनिया आणि काळा समुद्र. मी विचारलं, “हे काय?” म्हणाला, “ऑस्ट्रियाला धाक.” अहो, समुद्रावाटे ऑस्ट्रिया गाठायला त्याला माझ्याच कॉन्स्टँटिनोपलमधून जावं लागणार होतं! पण मी मान डोलावली. वसंतात तो काळ्या समुद्रात उतरला, तेव्हा म्हणाला, “तुझ्या बल्गेरियाला पाठिंबा द्यायला.” मी परत मान डोलावली. शरदात तो अंकारात. हसा, हसा. पहिल्या रांगेतल्या बाई सगळ्यात जास्त हसतायत, त्या बहुधा रशियाच खेळत असणार.

वर्षानुवर्षं मी हे ‘त्याने केसाने गळा कापला’ म्हणून सांगत आलो. खरं म्हणजे हिवाळ्यातच त्याने सुरी माझ्यासमोर टेबलावर ठेवली होती, आणि मी तिची धार बघत बसलो.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय. पाच मिनिटं? तीन. बरं, मुद्द्यावर येतो.

बोलणी पहिल्या वसंतातच करा, सगळ्यांशी. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी हे तिघे शेजारी. दोघांचं जमलं की तिसरा ताटात. गप्प बसणाराच बहुधा तो तिसरा. पण ज्या चालीनंतर माघार नाही, म्हणजे घरचं केंद्र मोकळं सोडण्यासारखी, ती पहिली उभारणी पाहिल्यावरच. बोलायला काही पडत नाही. उभारणी मात्र एकेका केंद्रामागे एकच मिळते, ती कोणी थापेसाठी वाया घालवत नाही. तुर्काने स्मर्नाला आरमार काढलं तर त्याचं तोंड भूमध्याकडे. अंकाराला काढलं तर रशियाने झोपू नये.

दुसरं, माझं अंकारा उघडं असेल तर त्याचं सेवास्तोपोलही उघडं हवं. एकट्याचंच दार उघडं असेल तर तो मित्र नाही, ओलीस आहे.

तिसरं, केंद्रं ३४, जिंकायला १८. दोघांनी प्रामाणिकपणे वाटून घेतली तर १७-१७. म्हणजे जिंकायला लागणारं अठरावं केंद्र असतं मित्राचंच. तेव्हा बरोबरीवर थांबायचं का, हे आठ-नऊ केंद्रांवर असतानाच विचारून टाका. सोळावर विचारलंत तर तो तुमच्याकडे न बघता नकाशाकडे बघत उत्तर देईल.

ड्रॉच्या वाटाघाटींचं राहिलंच. हो हो, संपवतो. आणि तो रशिया आज आलाय, मागच्या दारापाशी उभा आहे. प्रश्न मला विचारा, त्याला नको. त्याची सगळी उत्तरं माझी ऐकून झाली आहेत.