सांधा बदलणारा हात

[दृश्य: रुळांच्या उंचीवर कॅमेरा. मालगाडी संथपणे यार्डात वळते.]

गाडीने मुख्य मार्ग सोडला. सांधा म्हणजे गाडीला एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर वळवणारा रुळांचा जोड. चाकं त्याच्या टोकदार पात्यांवरून सरकली, एकही डबा डगमगला नाही. सांधा हातानेच बदललाय, पण जवळपास तरफ कुठेच दिसत नाही.

१:८७ या प्रमाणात, म्हणजे एचओ नावाच्या मॉडेल रेल्वेत, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर आणि माणूस जेमतेम दोन सेंटिमीटर उंच. तिथे अडीच सेंटिमीटरची तरफ बसवली, तर ती सांधेवाल्याच्याही डोक्यावर जाते. मेहनतीने उभं केलेलं यार्ड तेवढ्यानेच खेळणं वाटायला लागतं.

म्हणून सगळी यंत्रणा बोर्डाखाली न्यायची.

[दृश्य: बोर्डाची खालची बाजू.]

सांध्याची दोन्ही पाती एका आडव्या पट्टीला जोडलेली असतात, तो थ्रोबार. रूळ बसवण्याआधीच त्याच्या मध्याखाली बोर्डाला आरपार भोक पाडायचं, तार दोन्हीकडे मोकळी हलेल एवढं. खालून साधा स्लाइड स्विच स्क्रूने घट्ट करायचा. स्विचच्या खिट्टीत बारीक छिद्र पाडून पियानो वायर, म्हणजे लवचीक पोलादी तार, अडकवायची आणि तिचं वरचं टोक थ्रोबारमध्ये घालायचं. पात्यांना जेवढं सरकायचं असतं, त्याहून स्विच थोडा जास्तच सरकतो. ही जास्तीची हालचाल तार वाकून जिरवते आणि तिचा ताण पातं रुळाला दाबून धरतो. सगळी मेख इथेच आहे. पातं केसभर उघडं राहिलं, तरी चाकाची कड फटीत शिरते आणि डबा घसरतो.

सांध्यातला फ्रॉग, म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात तो भाग, विजेला जोडलेला असेल, तर सांध्याबरोबर त्याची ध्रुवताही बदलावी लागते. नाहीतर शॉर्ट होतो. तेही काम हाच स्विच करतो.

स्विचला जोडलेली पितळी सळई बोर्डाच्या दर्शनी पट्टीतून बाहेर काढायची आणि टोकाला मूठ लावायची. ही मूठ खोबणीत आत असू द्या. बाहेर डोकावली तर बाही अडकून गाडीखालीच सांधा बदलेल. मला ही मूठ मोटरपेक्षा कितीतरी प्रिय आहे, कारण पातं रुळाला टेकल्याचं थेट बोटांना कळतं.

[दृश्य: थ्रोबार, अगदी जवळून.]

आता उरलं ते भोक. थ्रोबारखाली काळ्या कागदाची पट्टी सरकवा, तारेपुरती लांबट फट ठेवून. खडी अंथरताना मात्र हात आखडता घ्या, पातळ गोंद क्षणात पात्यांखाली ओढला जातो. खऱ्या रेल्वेतही सांध्याची सळई मोकळी हलावी म्हणून त्या स्लीपरांमधली खडी खाली ठेवतात. तेव्हा इथली रिकामी जागा झाकायची गरजच नाही, ती दिसलीच पाहिजे.

बोर्डाखाली हात पोचत नसेल, तर तरफ वरच ठेवावी लागते. ती थोडी दूर न्या, खडीखालच्या बारीक नळीतून तार सांध्यापर्यंत आणा आणि तरफेवर सुट्या छपराची शेड ठेवा. झुडपामागेही लपवता येते, पण बोटं लागून लागून झुडूप विरळ होतं. शेडच बरी.

गोंदाला हात लावण्याआधी डबे उलटे ढकलून दोन्ही मार्गांवरून नेऊन बघा. ढिलं पातं लगेच सापडतं, आणि तेव्हाच तारेचा वाक थोडा वाढवता येतो.