फाब्रियानो: चिंध्यांपासून कागदापर्यंत

इटलीच्या मार्के प्रांतात, अपेनाइन पर्वताच्या पायथ्याशी फाब्रियानो वसलंय. तेराव्या शतकापासून इथे कागद बनतो. आज जुन्या डॉमिनिकन मठात त्याचं संग्रहालय आहे, आणि तिथे जुन्या पद्धतीनं कागद करूनही दाखवतात.

हा धपधप आवाज लाकडी घणांचा. ते पाण्याच्या चाकावर चालतात. खाली कुटल्या जातायत लिननच्या चिंध्या. लाकडापासून कागद करणं फार नंतरचं, एकोणिसाव्या शतकातलं. त्याआधी युरोपातला कागद म्हणजे कुणाचा तरी फाटका सदरा!

आता हौदाकडे चला. खरं कसब इथेच दिसतं. पाण्यात लगदा इतका पातळ असतो की हौदात दूधच भरलंय असं वाटावं. कारागीर तारेच्या जाळीचा साचा उभा बुडवतो, आडवा करून वर उचलतो आणि लगेच हलवतो, पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे. पाणी गळून जायच्या आत तंतू एकमेकांत गुंतायला हवेत. त्यासाठी मिळतात जेमतेम काही सेकंद. एवढ्यात हातावरून एखादा थेंब ताज्या कागदावर पडला, तर तिथे गोल, विरळ डाग उमटतो. इंग्रज कारागीर त्याला कागदवाल्याचे अश्रू म्हणत.

दुसरा कारागीर ओला कागद लोकरीच्या कापडावर उलटा उतरवतो. त्यावर पुन्हा कापड, पुन्हा कागद, असा थर चढत जातो. मग दाबयंत्राखाली पाणी काढायचं आणि माळ्यावर दोऱ्यांवर वाळत घालायचं.

पण असा कागद शाई पितो. अरबी कागदाला खळ लावत, ती युरोपच्या दमट हवेत टिकेना. सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकनं तर 1231 मध्ये सरकारी दस्तऐवजांसाठी कागदच नको म्हटलं. फाब्रियानोनं उपाय काढला तो चामड्याच्या तुकड्यांचा: ते उकळून केलेल्या सरसात कागद बुडवायचा आणि पुन्हा वाळवायचा.

आपल्या जुन्नरी कागदाचा साचा गवताच्या काड्यांचा, गुंडाळता येईल असा लवचिक. इथला मात्र ताठ, तारेचा. म्हणूनच त्यावर तारेची नक्षी शिवता आली. तार असते तिथे लगदा पातळ बसतो आणि उजेडात खूण दिसते. हाच वॉटरमार्क, इथे 1282 च्या सुमारास आलेला. वापरून वापरून तार वाकते, सरकते, तशी खूणही बदलते. तारीख नसलेलं जुनं पत्र साधारण कोणत्या वर्षांतलं, हे अभ्यासक त्यावरून ठरवतात.