बूड दुखणं वेगळं, बधीर होणं वेगळं

नमस्कार. सायकल घेऊन महिना झाला, हौस आहे, पाय साथ देतात, पण अर्ध्या तासात सीटवर बूड टेकवत नाही, ही नव्या सायकलस्वारांची सगळ्यात जुनी तक्रार. त्यावर ठरलेलं उत्तर मिळतं, "होईल सवय." या उत्तरामुळे लोक नको ते सहन करत राहतात. म्हणून आधी एवढंच विचारू, नेमकं दुखतं कुठे?

आत्ता बसल्या बसल्या दोन्ही हातांचे तळवे बुडाखाली घ्या आणि जरा डावीउजवीकडे हला. दोन टणक उंचवटे लागतील. ही बैठकीची हाडं. सायकलवर शरीराचा भार यांच्यावर यायला हवा. नव्या माणसाच्या या हाडांवरच्या कातडीला आणि स्नायूंना अशा दाबाची सवय नसते, त्यामुळे मुका मार लागल्यासारखं दुखतं. एक दिवसाआड अर्धा-पाऊण तास चालवत राहिलं, तर दोन-तीन आठवड्यांत हे दुखणं बहुतेकांचं ओसरतं. तेवढ्यापुरतं "होईल सवय" बरोबर आहे.

या दोन हाडांच्या मधला, जननेंद्रियापासून गुदद्वारापर्यंतचा भाग मऊ असतो. तिथून प्युडेंडल नावाची नस जाते, सोबत रक्तवाहिन्या जातात. त्यांच्यावर दाब आला की आधी मुंग्या येतात, मग तो भाग बधीर होतो. पुरुषांना होतं तसं स्त्रियांनाही होतं. स्त्रियांना बाहेरच्या भागाला सूज येते, सोलवटल्यासारखी आग होते, आणि संकोचापायी ते बोललं जात नाही. नस सरावाने घट्ट होत नाही. त्यामुळे बधीरपणा जाणवला की तिथल्या तिथे पेडलवर उभं राहायचं किंवा खाली उतरायचं, संवेदना पूर्ण परत येईपर्यंत बसायचं नाही, आणि पुढच्या फेरीआधी सीटची मांडणी तपासायची.

बहुतेक जण इथे जाड, गुबगुबीत सीट किंवा जेलचं कव्हर विकत घेतात. एक मऊ उशी घ्या आणि दोन्ही अंगठे शेजारी शेजारी जोरात दाबा. अंगठे आत जातात आणि मधला भाग फुगून वर येतो. जाड सीटवर नेमकं हेच होतं. हाडं रुततात आणि वर आलेला फुगवटा मधल्या मऊ जागेवर दाबतो. पहिली दहा मिनिटं छान वाटतं, तासाभराने बधीरपणा येतो. म्हणून लांबच्या फेऱ्यांसाठी बेताची मऊ, जरा टणकच सीट बरी पडते.

सीट बदलण्याआधी असलेली नीट लावू. साधारण ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या ॲलन की, म्हणजे षटकोनी टोकाच्या किल्ल्या, लागतात. सुरुवात उंचीपासून. भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसा, पेडल तळाला न्या, त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे, पण त्यासाठी कंबर एका बाजूला कलायला नको. मग टाचेऐवजी चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात हलकासा बाक उरतो. तो २५ ते ३५ अंशांच्या आसपास असावा. आकड्यात हवं असेल तर अनवाणी उभं राहून जांघेपासून जमिनीपर्यंतचं माप घ्या आणि ०.८८३ ने गुणा. ८० सेंटिमीटर असेल तर उत्तर साधारण ७०.६, पेडलचे दांडे (क्रँक) ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर ठेवून सुरुवात करायची. सीट उंच झाली आहे का, हे स्वतःला कळत नाही. कुणाला तरी मागून बघायला सांगा. प्रत्येक पेडलला कुल्हे डावीउजवीकडे झुलत असतील तर उंची जास्त आहे, आणि त्या झुलण्यातच मधला भाग सीटवर घासतो. सीट फार खाली असेल तर पाय भार घेत नाहीत, सगळं वजन बुडावर येतं, गुडघेही कुरकुरतात. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, वर घेताना त्यावरची किमान खोलीची रेघ फ्रेमच्या आतच राहिली पाहिजे.

आता उतार. बधीरपणाचं कारण बऱ्याचदा इथे सापडतं, सीटचं नाक, म्हणजे पुढचं निमुळतं टोक, वर उचललेलं असतं. सपाट जमिनीवर सायकल सरळ उभी करा, सीटवर नाकापासून मागपर्यंत एक कडक पुठ्ठ्याची वही ठेवा आणि तिच्यावर स्पिरिट लेव्हल किंवा फोनमधली लेव्हल. आधी सपाट लावा. तरी बधीरपणा राहिला तर नाक १-२ अंश खाली. त्याहून जास्त केलं की माणूस पुढे घसरत राहतो, हातांनी स्वतःला मागे रेटतो, आणि मग करंगळी आणि अनामिका बधीर होतात. दुखणं फक्त जागा बदलतं.

हँडल फार लांब किंवा फार खाली असेल, तर कंबर पुढे वाकते आणि भार हाडांवरून निसटून सीटच्या नाकावर येतो. यावर सीट पुढे सरकवू नका, त्याने गुडघ्यांचं गणित बिघडतं. सीटची जागा पायावरून ठरवायची. क्रँक आडवा ठेवून पुढच्या गुडघ्याच्या वाटीच्या समोरून ओळंबा (वजन बांधलेला दोरा) सोडला तर तो पेडलच्या ॲक्सलजवळ, म्हणजे पेडल ज्यावर फिरतं त्या आसाजवळ, पडावा, ही सुरुवात. हँडल जवळ आणायचं असेल तर १०-२० मिलिमीटरने आखूड स्टेम (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) लावा, किंवा त्याखाली स्पेसर, म्हणजे कड्या, टाकून हँडल वर घ्या.

एका वेळी एकच बदल, आणि सीट हलवायची तर ३-५ मिलिमीटरनेच. आधीच्या जागी चिकटपट्टीची खूण करून ठेवा आणि निदान दोन-तीन फेऱ्या तशाच मारा. एकदम तीन गोष्टी हलवल्या तर गुण कशाने आला ते कधीच कळत नाही.

हे सगळं करूनही त्रास राहिला तर सीटची रुंदी बघा. खोक्याचा नाळीदार पुठ्ठा कडक स्टुलावर ठेवा, त्यावर बसा, पाय जरा उचलून पुढे वाका. पुठ्ठ्यात दोन खड्डे उमटतात. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा आणि त्यात २-३ सेंटिमीटर मिळवा; सीटची रुंदी साधारण तेवढी असावी. ताठ बसून चालवणाऱ्याला जरा जास्त रुंद लागते. मधे खाच असलेली सीट अनेकांना मानवते, काहींना त्या खाचेच्या कडाच टोचतात, त्यामुळे बसून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

बुडाखाली गादी शिवलेल्या पॅडेड शॉर्ट्स वापरत असाल तर त्या अंगाला घट्ट हव्यात आणि त्यांच्या आत चड्डी घालायची नाही. चड्डीची शिवण घामात भिजून कातडी कापते आणि पॅडचा उपयोगच जातो. त्या प्रत्येक फेरीनंतर धुवायच्या, आणि घरी आल्याबरोबर बदलायच्या. ओल्या कपड्यात बसून राहिलं की केसांच्या मुळाशी फोड येतात. तिथले केस वस्तऱ्याने काढू नका. फोड आलाच तर बरा होईपर्यंत सायकल नको.

चालवताना दर १०-१५ मिनिटांनी २०-३० सेकंद पेडलवर उभं राहा. घरात ट्रेनरवर (सायकल एका जागी धरून ठेवणाऱ्या स्टँडवर) चालवणाऱ्यांनी हे घड्याळ लावून करावं, कारण तिथे खड्डे-वळणं नसल्याने माणूस जागचा हलतच नाही.

फेरी संपल्यावरही बधीरपणा तासन्‌तास राहिला, दुसऱ्या दिवशी जाणवला, लघवीला त्रास झाला किंवा लैंगिक क्रियेत फरक पडला, तर डॉक्टरांना दाखवा, सायकल किती चालवता तेही सांगा, आणि तपासणी होईपर्यंत सीटवर बसू नका.