कासवाचा मुडदूस

मागच्या पावसाळ्यात एक ताई बुटाच्या खोक्यातून सल्काटा जातीच्या कासवाचं पिल्लू घेऊन आल्या. पाठीवर अंगठा टेकवला तर कवच ओल्या पुठ्ठ्यासारखं दबलं. लहान मुलांना होतो तसा मुडदूस हा, म्हणजे हाडांना कॅल्शियम कमी पडलेलं. कासवाचं कवच म्हणजे फासळ्या आणि कणा मिळून झालेलं हाडच. ते मऊ पडलं की समजा, आख्खा सांगाडा मऊ पडलाय.

ताईंनी हयगय केली नव्हती. रोज काकडी-टोमॅटो, काचेच्या खिडकीत ऊन, आणि विकणाऱ्याच्या सांगण्यावरून बोटाने पानाला लावलेला चुना. पिल्लाची जीभ पोळून पांढरी पडली होती. हात जोडून सांगतो, चुना देऊ नका. खायच्या चुन्यात कॅल्शियम असतं हे खरं, पण तो दाहक असतो. आपल्याला लागतो तो कॅल्शियम कार्बोनेट. त्यात वजनाच्या 40 टक्के कॅल्शियम असतं आणि तो तोंड पोळत नाही.

तो कुठे मिळेल? काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेस मागा. माकुलाच्या पाठीतलं हाड ते. पूड नको, आख्खा तुकडा घ्या. दोन दिवस पाणी बदलत भिजवा, म्हणजे खारटपणा जाईल. मागचा कडक पापुद्रा काढा, वाळवा आणि पिंजऱ्यात ठेवून द्या. कासव हवं तेव्हा कुरतडतं, चोचही झिजते. अंड्याची टरफलं उकळून, वाळवून, मैद्यासारखी दळलीत तरी चालतील. वाढत्या पिल्लाला आठवड्यातून दोन-तीनदा पाल्यावर चिमूटभर. अंड्यावर आलेल्या मादीची गरज याहून जास्त असते, तिचं डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

हाडांची पूड आणि डायकॅल्शियम फॉस्फेट मात्र नको. त्यांतून फॉस्फरसही जातो, आणि आहारात फॉस्फरसच्या निदान दुप्पट कॅल्शियम हवं. पालकातलं ऑक्झॅलेट तर कॅल्शियमला बांधूनच ठेवतं. हरळी, जास्वंदीची पानं, तुतीचा पाला, काटे काढलेला फड्या निवडुंग द्या. सल्काटा सहाराच्या कडेला राहतो, त्याचं मुख्य खाणं गवतच.

आता घरातल्या माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्या. त्यांत बहुधा ड-3 जीवनसत्त्व असतं, आणि मला खरी भीती त्याचीच वाटते. जास्त झालेलं ड-3 लघवीवाटे निघून जात नाही, चरबीत साठतं. मग कॅल्शियम मूत्रपिंडात, रक्तवाहिन्यांत जाऊन बसतं. उन्हात तेच जीवनसत्त्व कातडीत तयार होतं, पण जादा झालं की शरीर आपोआप थांबवतं. मात्र ते ऊन काचेतून आलेलं नको, कारण लागणारे अतिनील किरण काच अडवते. सकाळचं कोवळं ऊन द्या, बाजूला सावली ठेवा. टबात कोंडून उन्हात ठेवलेलं कासव तापून मरतं, मी पाहिलंय.

स्टार कासव घरात असेल तर गोष्टच वेगळी. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते पाळता येत नाही, वनविभागाकडे द्या. सल्काटाची नोंदणीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करायला हवी.

ताईंच्या पिल्लाची जीभ आधी बरी केली, मग ऊन आणि पाला. समुद्रफेसाकडे ते तीन आठवडे फिरकलंच नाही. एके सकाळी ताईंनी फोटो पाठवला: पांढऱ्या तुकड्याच्या कडेला चोचीची बारीक नक्षी उमटली होती.